बाकावरून ओमाहाला

श्रोतेहो, नमस्कार.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसानं बेसबॉल पाहिला, की त्याला बेसच्या, म्हणजे धावपटूनं शिवत जायच्या टप्प्यांच्या, आसपास उभे असलेले ते चौघं फार अस्वस्थ वाटतात. सारखे वाकतात, पाय हलवतात, हातमोज्यावर थापा मारतात. पण त्यांचंही खरं आहे. चेंडू जमिनीवरून सरपटत आला, की उचलून पहिल्या बेसकडे फेकायला त्यांच्या हाती जेमतेम चार सेकंद असतात. तेवढ्यात फलंदाज 90 फूट धावून बेसवर पोचलेला असतो. हे इनफिल्डर. आज त्यांच्यातल्याच एकाची गोष्ट सांगणार आहे, टोनी व्हिटेलोची.

हा अमेरिकेतल्या सेंट लुइसचा. वडील शाळेत बेसबॉलचे प्रशिक्षक, त्यामुळे बाळकडू घरातच मिळालं. मिझुरी विद्यापीठाच्या संघात तो शिष्यवृत्तीशिवाय शिरला आणि 2000 ते 2002 अशी तीन वर्षं इनफिल्डर म्हणून खेळला. नाव गाजलं नाही. व्यावसायिक बेसबॉलचा तर एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. माझा आपला एक अंदाज आहे, की अशा माणसाचा खेळ डोळ्यांत जास्त उतरतो. बाकावरून मैदान पुरतं दिसतं ना!

मग सुरू झाली सहाय्यक प्रशिक्षकाची लांबलचक उमेदवारी. आधी मिझुरीतच. पुढे मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा, गाजवणारा मॅक्स शर्झर तेव्हा तिथं पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. त्यानंतर टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ, मग आर्कान्सा विद्यापीठ. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढल्यावर 2017 मध्ये टेनेसी विद्यापीठानं त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. या संघाला 2005 नंतर विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं तोंडही दिसलं नव्हतं. दोन वर्षांत तो तिथं पोचला, आणि 2022 मध्ये 57 विजय, 9 पराभव!

स्वभाव मात्र तापट. त्याच वर्षी वाद घालताना त्यानं अंपायरला छातीनं धक्का दिला आणि चार सामन्यांची बंदी ओढवून घेतली. गप्प बसेल तर व्हिटेलो कसला? विद्यार्थ्यांच्या एका मदतनिधीसाठी तो उभा राहिला आणि दोन डॉलर देईल त्याच्या छातीला छाती भिडवू लागला. अंपायरला धक्का देणं चूकच, पण ही प्रायश्चित्ताची तऱ्हा मला आवडली.

जून 2024, ओमाहा, या राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी रंगते ते शहर. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाविरुद्ध अंतिम फेरीतला तिसरा, निर्णायक सामना. सातव्या डावात टेनेसीचा हंटर एन्सली पहिल्या बेसवरून जो सुटला, तो थेट होम प्लेटकडे, जिला शिवलं की धाव मिळते. चेंडू त्याच्याआधी कॅचरच्या, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारख्या खेळाडूच्या, हातात! टॅग होणारच, म्हणजे चेंडू अंगाला लावून तो बाद होणारच, असं वाटत असताना एन्सलीनं अंग असं काही वळवलं, की कॅचरचा हात हवेत राहिला आणि याचा हात प्लेटला लागला. धाव झाली. सामना संपला 6-5 असा. टेनेसीचं बेसबॉलमधलं हे पहिलंच राष्ट्रीय विजेतेपद.

ऑक्टोबर 2025 मध्ये मेजर लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघानं व्हिटेलोला मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, नेमलं. व्यावसायिक बेसबॉलमध्ये ना खेळलेला, ना शिकवलेला माणूस कॉलेजातून उठून थेट मेजर लीगचा मॅनेजर, असं याआधी झालं नव्हतं. आणि बेसबॉलची एक मजा आहे. इथं मॅनेजरही खेळाडूंसारखाच संघाचा गणवेश घालतो. तेव्हा खेळाडू म्हणून जो कधी मिळाला नाही, तो मेजर लीगचा गणवेश व्हिटेलोच्या अंगावर चढला, सत्तेचाळिशीत.