तिसरा फटका

नमस्कार श्रोतेहो.

पिकलबॉल, म्हणजे पॅडलने नेटपलीकडे बॉल मारायचा खेळ, खेळणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते: "रोज दोन-दोन तास खेळतो, पण खेळ काही पुढे सरकत नाही." पहिलं वर्षभर माझंही हेच होतं. मग एका गेममध्ये मी सहज मोजत गेलो. ज्या फटक्यावर मी हमखास मार खात होतो, तो अकरा गुणांच्या त्या गेममध्ये माझ्या वाट्याला जेमतेम दहा वेळा आला होता. तोच फटका जोडीदाराने एकामागून एक बॉल टाकत घोटवून घेतला, तर पाऊण तासाच्या खेळाइतका सराव दहा मिनिटांत होतो. नुसतं खेळणं वेगळं आणि सराव वेगळा, हे मला तेव्हा उमगलं.

तो फटका म्हणजे तिसरा फटका: सर्व्हिस पहिला, तिचा रिटर्न दुसरा आणि त्यावर सर्व्हिस करणाऱ्या जोडीचा हा तिसरा. सर्व्हिस टप्पा पडूनच घ्यायची आणि तिचा रिटर्नही टप्पा पडल्यावरच, असा नियम आहे. त्यामुळे सर्व्हिस करणारी जोडी मागे बेसलाइनवर अडकते आणि समोरची जोडी रिटर्न मारून थेट किचनच्या रेषेवर येऊन उभी राहते. किचन म्हणजे नेटलगतचा सात फुटांचा पट्टा, जिथे उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारता येत नाही. अशा वेळी तुम्ही जोरात मारलंत, तर समोरचा नेटजवळून तो बॉल तुमच्याच पायात परत घालतो. म्हणून ड्रॉप, म्हणजे किचनमध्ये हळुवार टाकलेला फटका हवा. तुमच्यापासून नेट बावीस फुटांवर. बॉल नेटच्या अलीकडेच आपली उंची गाठून पलीकडच्या सात फुटांत अलगद उतरला पाहिजे. मग समोरच्याला तो खालून वर उचलावा लागतो आणि तुम्हाला पुढे यायला सवड मिळते.

सरावाला मात्र बेसलाइनवरून सुरुवात करू नका. आधी किचनच्या रेषेशी उभे राहा. जोडीदार समोरच्या रेषेवरून बॉल देईल, तुम्ही तो पलीकडच्या किचनमध्ये टाका. दहापैकी आठ नीट पडले की दोन पावलं मागे या. पुन्हा दहा. पाचच पडले, तर तिथेच थांबा. पॅडल इतकं सैल धरा, की कुणी ओढलं तर सहज सुटावं. गुडघे वाकलेले, मनगट स्थिर, हात खांद्यातून हलणारा. मी घट्ट पकडीने मनगट झटकायचो, आणि बॉल कधी नेटमध्ये तर कधी समोरच्याच्या छातीशी जायचा. पकड सैल केली तसा आवाजसुद्धा बदलला: 'टक्' ऐवजी दबका 'टप्'. आजही मी आधी तो आवाज ऐकतो.

डिंक म्हणजे किचनच्या रेषेपाशी उभं राहून समोरच्या किचनमध्ये टाकलेला हळुवार बॉल. त्याचा सराव तिरका करा. नेट कडेला छत्तीस इंच असतं, मध्ये चौतीस, आणि तिरका बॉल मधूनच जातो. शिवाय तिरक्या रेषेत जागाही जास्त मिळते. जोडीदार नसेल, तर भिंतीवर चौतीस इंचांवर खडूने रेघ ओढा, सात फुटांवर उभे राहा आणि बॉल रेघेच्या जरासा वर मारत राहा. कंटाळा येतो खरा, पण हात बसतो.

एवढं झालं तरी खऱ्या खेळात हात आखडतोच. त्यासाठी अर्धंच कोर्ट घेऊन, एकास एक, सात गुणांचा छोटा डाव खेळा. अट एकच: तिसरा फटका ड्रॉपच हवा. जोरात मारला, की सर्व्हिस गेली. सुरुवातीला तुम्ही हराल, हरत राहाल. हरकत नाही, त्या दिवशी गुण बघायचेच नाहीत. किती ड्रॉप किचनमध्ये पडले, तेवढं वहीत लिहायचं.

उद्या इतरांच्या आधी वीस मिनिटं कोर्टवर पोहोचा. सोबत एक जोडीदार आणि पिशवीभर बॉल. पहिला बॉल किचनच्या रेषेवरून.