दोरा, वारा आणि विमानाचे तास

(वाशीतल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, नमस्कार. इथल्या बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत. तिकीट काढायचं ठरलं की पहिला प्रश्न एकच, किती तास लागतात? मला तो प्रश्न फार आवडतो, कारण त्याच्या उत्तरात अख्खी पृथ्वी येते.

हा पृथ्वीगोल आणि हा शिवणाचा दोरा. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि आता ताणतो. पुढच्या रांगेतल्यांनी जवळ येऊन बघा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर ती अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते. दोरा मात्र सिंधवरून कंदाहारकडे चढला, मग तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, थेट आइसलंड! तिथून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरला. सपाट कागदावर हा केवढा वळसा वाटेल, पण सर्वांत जवळची वाट हीच. सुमारे १२,५०० किलोमीटर.

विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला तर चौदा तास येतात. मग जाताना जास्त आणि येताना कमी का लागतात?

वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. समोरून ताशी १५० किलोमीटरचा वारा असेल तर ९०० चे ७५० होतात, पाठीशी असेल तर १०५०. हिवाळ्यात हे वारे आणखी जोर धरतात.

याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, अंतर १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट दिशेनं, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर आणि वेळ मात्र कमी लागला! वारा पाठीशी होता ना. किलोमीटर बघून तास सांगू नयेत, असं मी म्हणतो ते यासाठी.

आणि आकाशालाही सरहद्दी असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, म्हणजे दोऱ्याचा पहिलाच तुकडा गेला. अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून रशियाचं आकाश बंद आहे. त्यामुळे दोन विमानतळ तेच, पण कंपनी बदलली की वाट बदलते आणि तासही.

तिकिटावरच्या वेळा वाचताना एक सांभाळा, त्या दोन्ही ठिकाणच्या स्थानिक असतात. रात्री २ ला निघून सोळा तासांनी पोचलात तर आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजलेले असतील. न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, म्हणजे तिथं सकाळचे साडेआठ. निघणं २, पोचणं साडेआठ, हे बघून साडेसहा तासांचाच प्रवास असं समजणारे मला भेटलेत. हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा होतो. म्हणून मुलांना विचाराल तेव्हा ‘एकूण तास किती’ असंच विचारा, जायचे वेगळे आणि यायचे वेगळे.

आता तुमचे प्रश्न घेऊ. गोल इथंच ठेवतो, ज्यांची मुलं ऑस्ट्रेलियात आहेत त्यांनी दोरा तिकडे लावून बघा.