तिच्या खुर्चीवर कॅमेरा

नमस्कार श्रोतेहो.

शेतातल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, कॉलेजांची गॅदरिंगं आटोपली. आता गावोगावी पोरं-पोरी मोबाइल घेऊन नदीवर, स्टेशनवर, केळीच्या बागेत दिसायला लागतील. लघुपट करायचाय. विषय बहुतेकांचा एकच, प्रेम. चांगली गोष्ट आहे. ज्या वयात जे मनात असतं त्यावरच माणसानं काम करावं. पण होतं काय, गोष्ट लिहून होते, कलाकार ठरतात, मागे वाजणारं गाणंसुद्धा ठरतं, आणि कॅमेरा कुठे ठेवायचा ते मात्र "तिथं गेल्यावर बघू". आज मला त्या "बघू"बद्दलच बोलायचंय. शॉट आधी कसे ठरवायचे आणि चौकटीत माणसं कशी बसवायची.

माझं सांगणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. प्रेमाच्या चित्रपटात दोन माणसांमधलं अंतर आधी ठरवा, कॅमेरा नंतर. पुन्हा सांगतो, आधी अंतर, मग कॅमेरा. वही घ्या. प्रत्येक प्रसंगासमोर लिहा की ती दोघं एकमेकांपासून किती लांब आहेत. पहिल्या प्रसंगात रस्त्याच्या दोन बाजूंना. दुसऱ्यात एसटीत, तो मागच्या सीटवर, ती पुढच्या. तिसऱ्यात एकाच बाकावर, मध्ये दप्तर. ते दप्तर कधी उचललं जातं आणि कोण उचलतं, तो तुमचा चित्रपट. हे लिहून झालं की लाँग शॉट कुठे आणि क्लोजअप कुठे हे निम्मं आपोआप ठरतं. लांब असतील तेव्हा कॅमेराही लांब. जवळ आली की कॅमेरा जवळ. पहिल्याच मिनिटाला क्लोजअप लावणं म्हणजे बाजाराच्या पहिल्याच दुकानात खिसा रिकामा करणं. पुढे डोळ्यांत पाणी येतं त्या प्रसंगाला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

आता एक गोष्ट सांगतो. शॉटचं नियोजन म्हटलं की मी हीच सांगतो, कारण माझ्या माहितीत याहून चांगलं उदाहरण नाही.

चाळीसगावला तरुणांचं एक शिबिर होतं. चाळीसगाव म्हटलं की तुम्हाला पाटणादेवी आठवेल, पण छायाचित्रं काढणाऱ्याला आठवतात कलामहर्षी केकी मूस. इंग्लंडात शिकून आलेला हा पारशी कलावंत. स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात राहिला, आणि १९८९ साली ३१ डिसेंबरला वारला तोपर्यंत त्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. घरातल्याच वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यांवर उजेड-सावली पाडायची आणि फोटो काढायचा. त्याला टेबलटॉप छायाचित्रण म्हणतात. घरात बसून केलेल्या या कामानं त्यांचं नाव देशाबाहेर गेलं. तो बंगला आता संग्रहालय आहे. आपल्याकडच्या शाळांच्या सहली कुठल्या कुठल्या वॉटर पार्कला जातात. माझं स्पष्ट मत आहे की खानदेशातल्या प्रत्येक मुलानं एकदा तरी या घरात जाऊन यावं. असो.

तर चाळीसगावात मूस यांची एक गोष्ट घरोघर सांगतात. कोणी एखादा तपशील वाढवतो, कोणी गाळतो, पण गाभा तोच. मुंबईत त्यांचं एका मुलीवर प्रेम होतं. निरोप घेताना ती म्हणाली, मी एक दिवस पंजाब मेलनं येईन आणि तुझ्याबरोबर जेवीन. पंजाब मेल आजही चाळीसगाववरून जाते. त्या दिवसापासून मेलच्या वेळेला मूस यांच्या घरी दार उघडलं जायचं आणि टेबलावर दोघांची ताटं मांडली जायची. रोज. ती आली नाही.

शिबिरातल्या मुलांना मी ही गोष्ट सांगितली आणि म्हटलं, शेवटचा प्रसंग तुमच्या वहीत काढा. चौकोन आखा, आत काडीची माणसं काढा, चित्रकला यायची गरज नाही. हा प्रसंग कसा घ्याल?

अमळनेरचा एक मुलगा लगेच उठला. "सर, ड्रोन. वरून गाडी येताना दिसते, मग स्टेशन, मग बंगला, मग खाली खाली जात खिडकी." मी म्हटलं, ठीक. पण हे वरून कोण पाहतंय? त्यानं थोडा विचार केला, खाली बसला. पुढचे दोघे-तिघे म्हणाले, माणसाच्या डोळ्यांचा क्लोजअप, त्यात अश्रू. म्हटलं, रोज ताट मांडणारा माणूस रोज रडत नाही. तो रोज वाट बघतो. रडला तर त्यानं आशा सोडली असं होईल.

मागच्या रांगेत पारोळ्याची एक मुलगी बसली होती. तोवर एक शब्द बोललेली नव्हती. तिच्या वहीवर तीनच चौकोन होते. ती म्हणाली, "सर, कॅमेरा तिनी खुर्चीवर ठेवूत ना."

तिनी, म्हणजे न आलेल्या त्या बाईच्या. ज्या खुर्चीवर कोणी बसणार नाही, तिथे कॅमेरा. श्रोतेहो, मी क्षणभर गप्प झालो. दोन माणसं समोरासमोर बोलत असली की आपण एकाच्या खांद्यामागून दुसऱ्याचा चेहरा घेतो. त्याला ओव्हर द शोल्डर शॉट म्हणतात, तुम्ही रोज मालिकांमध्ये पाहता. चौकटीच्या कडेला थोडा खांदा, थोडे केस, आणि समोर चेहरा. या मुलीनं तोच शॉट मांडला होता, फक्त खांदा काढून टाकला होता. खांदा जिथे असतो ती जागा रिकामी. प्रेक्षकाच्या डोळ्याला सवय असते, तो तिथे माणूस शोधतो आणि माणूस सापडत नाही. अंतर ठरवणं म्हणतो ते हेच. दोघांच्या मध्ये फक्त एक टेबल आहे, आणि तरी ते अंतर कधीच तुटणार नाही.

मग आम्ही तो शॉट खरोखर लावला. जेवणाच्या खोलीतलं टेबल, स्टीलची दोन ताटं. मूस म्हणून बसवलं शिबिराच्या आचाऱ्याला, साठीचे गृहस्थ, हातात ताट धरायची सवय असलेले. कॅमेऱ्याची उंची किती? खुर्चीत बसलेल्या बाईचे डोळे जिथे येतील तितकी, जमिनीपासून साधारण पावणेचार फूट. मुलांनी पारोळ्याच्या मुलीला खरंच खुर्चीवर बसवून टेपनं मोजलं. नंतर वाद झाला तो नजरेवरून. आचाऱ्यांनी सरळ लेन्समध्ये बघायचं का? तसं बघून पाहिलं. वाटलं, ते आपल्यालाच काहीतरी सांगताहेत. मग लेन्सच्या जराशी बाजूला नजर ठेवायला लावली, चार बोटं डावीकडे. आणि एकदम ते तिच्याकडे बघायला लागले. चार बोटांचा फरक! प्रेमाच्या चित्रपटात नजर कुठे पडते हे बोटांनी मोजायचं असतं.

आचाऱ्यांना आम्ही चौकटीत उजव्या बाजूला बसवलं. ज्या दिशेला माणूस बघतो, त्या दिशेला जागा जास्त सोडायची, हा साधा नियम. डावीकडच्या मोकळ्या जागेत मागे उघडं दार आलं. म्हणजे बघा, अगदी पुढे तिचं ताट, थोडं धूसर. मध्ये माणूस. मागे दार. एकाच चौकटीत तीन थर, आणि तिन्ही थर एकच गोष्ट सांगताहेत. पुढे, मध्ये, मागे. तुमच्या प्रत्येक शॉटला हा प्रश्न विचारा, पुढे काय, मध्ये काय, मागे काय.

शॉट सुरू करणार, तेवढ्यात आचाऱ्यांनी विचारलं, "ती येई का नही?" येणार आहे की नाही? मुलं हसली, पण प्रश्न अगदी बरोबर होता. पारोळ्याच्या मुलीनं उत्तर दिलं, "काका, तुम्हाला माहीत नाही. तुम्ही ती येणार म्हणूनच वाढा." आणि त्यांनी वाढलं. आधी तिच्या ताटात, मग आपल्या. असं वाढा हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

राहिली गाडी. गाडी दाखवायची कशी? आता ड्रोनवाला मुलगा पुढे आला. त्यानं एका पुठ्ठ्याला उभ्या फटी पाडल्या, खिडकीबाहेर मोठी बॅटरी लावली आणि तिच्यासमोरून पुठ्ठा सरकवला. आत आचाऱ्यांच्या चेहऱ्यावरून उजेडाच्या पट्ट्या धावत गेल्या, जशा रात्री जाणाऱ्या डब्यांच्या खिडक्यांच्या जातात. मग पट्ट्या थांबल्या. काही वेळ तशाच थांबल्या. पुन्हा चालू झाल्या, वेगानं, आणि संपल्या. गाडी आली, थांबली, गेली. सगळी पंजाब मेल एका पुठ्ठ्यात! ज्याला आकाशातून स्टेशन दाखवायचं होतं त्यानंच हे केलं, म्हणून मला त्याचं जास्त कौतुक.

गोष्ट सांगता सांगता वेळ पुष्कळ गेला. बाकीचं भराभर सांगतो.

दोघं समोरासमोर असली की त्यांच्यामध्ये एक रेषा कल्पा. कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा. रेषा ओलांडलीत की एका शॉटमध्ये तो उजवीकडे बघतो आणि पुढच्या शॉटमध्ये तीही उजवीकडेच बघते, म्हणजे दोघं तिसऱ्याच कुणाकडे बघताहेत असं दिसतं. भांडणाच्या प्रसंगात रेषा मुद्दाम ओलांडता येते, पण आधी पाळायला शिका. रेषा ओलांडू नका.

मोबाइलवर शूट करत असाल तर चेहऱ्याच्या अगदी जवळ फोन नेऊ नका. नेहमीची लेन्स रुंद असते, जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. फोनमध्ये दुप्पट जवळ आणणारी वेगळी लेन्स असेल तर ती निवडा आणि तुम्ही दोन पावलं मागे या. चेहरा सुंदर येतो आणि कलाकारही मोकळा होतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही बांधून ठेवा, म्हणजे शॉटच्या मध्येच चित्र एकदम काळवंडत किंवा पांढरं पडत नाही. घरात ट्यूबलाइटखाली घेत असाल तर आपली वीज ५० हर्ट्झची आहे हे लक्षात ठेवा. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ, एक पन्नासांश सेकंद, एवढं ठेवलं की चित्र लुकलुकत नाही.

उजेडाचं आपल्याकडे वेगळं गणित आहे. जळगाव २१ अक्षांशावर. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. त्या उन्हात प्रेमाचा प्रसंग घेऊ नका, कलाकारांचेही हाल होतात. सकाळी आठच्या आत, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. दुपारी शॉट घ्यावाच लागला तर झाडाखाली घ्या. पण झाडं कुठे राहिलीत? रस्त्याकडेचे ते जुने निंब, ज्यांच्या सावलीत बैलगाड्या सुटायच्या, रस्ते रुंद करताना गेले. एक रस्ता रुंद झाला की मैलभर सावली जाते आणि तिच्या जागी लावलेली रोपं उन्हाळ्यात कोणी पाणी घालत नाही म्हणून वाळतात. ज्यांच्या दारात निंब आहे त्यांनी तो सांभाळावा, एवढीच विनंती.

रावेर-यावलकडच्यांना केळीच्या बागेचा मोह होणारच. केळीच्या रांगा डोळ्याला आपोआप आत ओढून नेतात, त्या रांगेच्या टोकाला माणूस उभा करा, शॉट तयार. पण बागेच्या आत पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो, चेहरे आजारी दिसतात. म्हणून चेहऱ्याचे शॉट बांधावर येऊन घ्या आणि बाग मागे ठेवा.

आणि कपडे. लग्नाआधीच्या व्हिडिओंनी एक सवय लावलीय, तापीच्या काठावर लांब घोळदार गाऊन आणि सगळं स्लो मोशनमध्ये. प्रेम काही मंद गतीनं होत नाही. मुलगी रोज जे नेसते-घालते त्यातच तिला दाखवा. संवादही तसेच. घरात अहिराणी बोलत असाल तर पडद्यावर अहिराणीच बोला. पारोळ्याच्या त्या मुलीनं पुस्तकी मराठीत विचार केला असता तर तिला ती खुर्ची सुचली नसती, असं मला मनापासून वाटतं.

शेवटची गोष्ट, शॉटची यादी. यादी गोष्टीच्या क्रमानं लिहा, पण शूट जागेच्या आणि उजेडाच्या क्रमानं करा. स्टेशनवरचे सगळे शॉट एका सकाळी, घरातले सगळे एका दुपारी. त्यामुळे आधी शेवट आणि मग सुरुवात घ्यावी लागेल, म्हणून प्रत्येक शॉटपुढे तीन गोष्टी लिहून ठेवा. दोघांमधलं अंतर किती, कोण कुठे बघतंय, आणि हातात काय आहे. हातातली वस्तू सगळे विसरतात, आणि जोडताना एका शॉटमध्ये दप्तर उजव्या खांद्यावर, दुसऱ्यात डाव्या. रेल्वे स्टेशनवर शूट करायचं असेल तर रेल्वेची लेखी परवानगी आधी काढा, आणि रुळांवर कोणीही, कुठल्याही शॉटसाठी उतरू नका.

पुढच्या भागात आवाजाबद्दल बोलू, कारण वाऱ्यात घेतलेले संवाद कोणालाच ऐकू येत नाहीत. तोवर वहीत चौकोन आखून ठेवा. नमस्कार.