सुरीचं पोलाद निवडताना

नमस्कार श्रोतेहो.

सुरी घेताना आपण मूठ बघतो, चकाकी बघतो, भाव करतो. पातं कोणत्या पोलादाचं आहे, हे क्वचितच कुणी विचारतं. मी मात्र आधी तेच विचारतो. स्वयंपाकघरासाठी माझी पहिली पसंती आहे साधं कार्बन पोलाद, गंजणारं असलं तरी.

पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात किंचित कार्बन. सुरीच्या पात्यात तो साधारण अर्धा ते सव्वा टक्का असतो, आणि तेवढ्याच्या जोरावर पात्याला पाणी देता येतं. कार्बन पोलादाचं पातं ८०० अंशांच्या आसपास तापवून एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवलं की ते विलक्षण कडक होतं, पण ठिसूळही होतं. मग २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवतात. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा कोयता घडवणारा आपल्याकडचा लोहार हा अंदाज लोखंडाच्या रंगावरून घेतो. हे पाणी चुकलं, तर कितीही भारी पोलाद वाया जातं. म्हणून पोलादाच्या नावाआधी मी घडवणाऱ्याचा हात बघतो.

स्टेनलेसची गोष्ट इंग्लंडमधल्या शेफील्डची. १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधत होते. जवळजवळ १३ टक्के क्रोमियम घातलेलं त्यांचं पोलाद गंजेना. सुऱ्या करणाऱ्या कारागिरांनी मात्र सुरुवातीला त्याला नाकं मुरडली, कारण ते घडवणं आणि त्याला पाणी देणं त्यांच्या सवयीचं नव्हतं. आज जर्मन धाटणीच्या सुऱ्यांत साधारण अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असतं. धार मध्यम टिकते, पण पातं सहसा तुटत नाही. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी, किंवा घरात चार हात एकच सुरी वापरत असतील आणि ती ओलीच पडून राहत असेल, त्यांनी खुशाल हीच घ्यावी.

माझं मन मात्र जपानच्या शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या पोलादावर जडलं आहे. तिथल्या पोलादांना गुंडाळायच्या कागदाच्या रंगावरून नावं पडली: शिरोगामी म्हणजे पांढरा कागद, आओगामी म्हणजे निळा. निळ्यात टंगस्टन आणि क्रोमियम असतं, त्याची धार जास्त टिकते. पांढऱ्यात लोखंड आणि कार्बन यांपलीकडे फारसं काही नाही. मला पांढरंच आवडतं. निसण्यावर थोडे हात फिरवले की त्याला अशी बारीक धार येते, की कांदा चिरताना चेंगरत नाही आणि पिकल्या टोमॅटोची साल पहिल्या स्पर्शात सुटते. कैरी कापली की पातं काळसर पडतं. त्याने बिघडत काही नाही. लाल गंज तेवढा धरू द्यायचा नाही.

दुसरी पसंती बेअरिंगच्या पोलादाला: एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम. कणखर आणि धारेला चांगलं.

एस-थर्टी-व्ही हे २००१ साली आलेलं भुकटीपासून बनवलेलं पोलाद. त्यात ४ टक्के व्हॅनेडियम आहे. धार खूप टिकते, पण एकदा गेली की साध्या दगडाला दाद देत नाही, हिऱ्याची पट्टी लागते. खिशातल्या चाकूला ठीक. रोजच्या भाजीच्या सुरीला मला ते नको, कारण तिची धार घरच्या घरी लावता आली पाहिजे.

आणि कोणतंही पोलाद असो, ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट कापू नका. लाकडी पाट घ्या. घरात आजीची लोखंडी विळी गंजून पडली असेल, तर भंगारात देऊ नका. बारीक पॉलिश पेपरने गंज काढा, निसण्यावर धार लावा, आणि प्रत्येक वापरानंतर धुऊन, कोरडी पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवा.

नमस्कार.