हातात उतरलेली माहिती

नमस्कार श्रोतेहो.

बोलायला सुरुवात करण्याआधी तुमच्याकडून एक गोष्ट करून घ्यायची आहे. दोन्ही हात समोर धरा. हातांत रबरी हातमोजे आहेत असं समजा, आणि त्या मोज्यांना बाहेरून असं काही लागलंय की जे तुमच्या कातडीला लागता कामा नये. आता काढा बरं ते मोजे. पहिला निघतो. उजव्या हातानं डाव्या मोज्याला मनगटापाशी बाहेरून चिमटीत धरायचं, आतली बाजू बाहेर येईल असा ओढायचा आणि उजव्या मुठीत ठेवायचा. अडचण पुढं आहे. डावा हात आता उघडा आहे. त्या हातानं उजव्या मोज्याला बाहेरून स्पर्श केलात, की केलेलं सगळं मुसळ केरात. म्हणून उघडी बोटं मनगटापाशी मोज्याच्या आत सरकवायची आणि तो आतूनच उलटा करत, मुठीतल्या पहिल्या मोज्याला पोटात घेत, काढायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण पाळी संपलेली असते, गाऊनच्या आत अंग घामानं निथळत असतं, चष्म्यावर वाफ धरलेली असते, कितीतरी तासांत पाण्याचा घोट घेतलेला नसतो. त्या वेळी हे बिनचूक करायचं असतं.

मी गेली बरीच वर्षं रुग्णालयांतल्या लोकांना संसर्गापासून बचाव कसा करायचा ते शिकवते. नवी साथ आली की डॉक्टरांना, सिस्टरांना प्रश्नपत्रिका वाटल्या जातात. रोग कशामुळे होतो, कसा पसरतो, लागण झाल्यापासून किती दिवसांनी लक्षणं दिसतात. मग किती जणांना किती माहिती आहे त्याची टक्केवारी निघते. अशा प्रश्नपत्रिका मीही काढल्या आहेत. त्या हव्यातच, कारण कुठं काय चुकीचं समजलं गेलंय ते त्यांतूनच कळतं. पण नुसत्या टक्क्यांवर विसंबायचं मी एका प्रशिक्षणानंतर सोडलं.

त्या प्रशिक्षणात आम्ही गाऊनवर आणि मोज्यांवर एक पावडर लावतो. साध्या उजेडात ती दिसत नाही, जांभळ्या दिव्याखाली चमकते. एका अनुभवी सिस्टरांनी लेखी परीक्षेत एकही चूक केली नव्हती. पोशाख काढायचा क्रम त्यांनी घडाघडा म्हणून दाखवला: मोजे, मग चष्मा, मग गाऊन, सगळ्यांत शेवटी खोलीबाहेर येऊन मास्क. त्याच क्रमानं काढलाही. खोलीतले दिवे मालवून आम्ही जांभळा दिवा लावला, तर जबड्याच्या खाली, मानेवर, चार बोटांचे ठसे चमकत होते. गाऊनची गाठ सोडताना हात तिथं टेकला होता. त्या कितीतरी वेळ आरशासमोर उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "पुन्हा घालते. तुम्ही बघत राहा." त्या दुपारी त्यांनी तो पोशाख पाच वेळा घातला आणि काढला.

नव्या रोगाबद्दलची माहिती म्हटलं की मला ते चार ठसे आठवतात.

आता थोडं मागं जाऊ या. १९७६ साली झैरमध्ये, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, यांबुकू गावच्या मिशन रुग्णालयात एक अनोळखी ताप आला. पुढं त्याचं नाव इबोला पडलं. त्या रुग्णालयात रोज सकाळी परिचारिकांना पाच सिरिंज आणि सुया मिळायच्या. बाह्यरुग्ण विभाग, वॉर्ड, प्रसूती विभाग, सगळीकडे त्याच. दोन रुग्णांच्या मध्ये त्या कोमट पाण्यात नुसत्या खळबळून घेतल्या जायच्या. त्या साथीत ३१८ जणांना लागण झाली, २८० दगावले. रुग्णालयातल्या १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ जण गेले. रोग नवा होता, पण सुई निर्जंतुक करूनच वापरायची हे ज्ञान काही नवं नव्हतं. त्या परिचारिकांना मी बोल लावणार नाही. दारात रांग आणि हातात पाच सिरिंज, असं असताना माहितीनं तरी काय करावं?

सार्स या फुप्फुसांच्या नव्या संसर्गाच्या वेळची गोष्ट वेगळी. २००३ च्या फेब्रुवारीअखेर हनोईच्या एका रुग्णालयानं जागतिक आरोग्य संघटनेचे डॉक्टर कार्लो उर्बानी यांना बोलावलं. एका रुग्णाला बर्ड फ्लू असावा अशी शंका होती. उर्बानींनी तपासलं आणि ओळखलं की हे आपल्या ओळखीतलं काही नाही. त्यांनी रुग्णांना वेगळं ठेवायला लावलं आणि जगाला सावध केलं. एप्रिल संपेपर्यंत व्हिएतनामनं सार्स आटोक्यात आणला होता. उर्बानी ते पाहायला नव्हते. २९ मार्चला त्याच रोगानं त्यांचा मृत्यू झाला. जगभरात सार्सचे जे सुमारे ८ हजार रुग्ण नोंदले गेले, त्यांतला जवळपास पाचवा हिस्सा आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता.

२०१४ मध्ये नायजेरियातल्या लागोस शहरात डॉ. अमेयो अडाडेवोह यांच्यासमोर लायबेरियाहून विमानानं आलेला एक रुग्ण होता. मलेरियाचं निदान आधीच झालेलं. इबोलाच्या रुग्णाशी संपर्क आला नव्हता असं तो सांगत होता. डॉक्टरांनी इबोलाचा रुग्ण आयुष्यात कधी पाहिला नव्हता. तरी त्यांना शंका आली, त्यांनी तपासणीला नमुने पाठवले आणि त्याला सोडा म्हणून दबाव येत असतानाही सोडलं नाही. नायजेरियात ती साथ २० रुग्णांवर थांबली. ८ जण गेले, त्यांत स्वतः डॉ. अडाडेवोह होत्या.

याच्या उलट २०१५ साली दक्षिण कोरियात घडलं. मध्यपूर्वेतून परतलेला एक माणूस ताप-खोकला घेऊन एकामागून एक दवाखाने फिरला. मर्स या सार्ससारख्याच श्वसनरोगाचं निदान व्हायला ९ दिवस गेले. शेवटी १८६ जणांना लागण झाली आणि ३८ जण दगावले. म्हणून मी वर्गात सांगते, की रोगाचं नाव विसरलात तरी चालेल, "गेल्या काही दिवसांत कुठं गेला होता, कुणाच्या जवळ होता?" हे विचारायचं विसरू नका.

आणखी एक अवघड गोष्ट म्हणजे पाठ झालेलं सोडून देणं. सार्समध्ये रुग्ण आजारी पडल्यावर, साधारण दुसऱ्या आठवड्यात, सगळ्यांत जास्त संसर्ग पसरवायचा. त्यामुळं ताप मोजून माणसं वेगळी काढता येत होती. कोविड आला तेव्हा जाणती मंडळी हेच ज्ञान घेऊन उभी राहिली, आणि हा विषाणू लक्षणं दिसायच्या आधीच पसरत होता. सूज कमी करणाऱ्या स्टिरॉइड औषधांचंही तसंच. कोविडमध्ये सुरुवातीला ती सरसकट देऊ नका अशी सूचना होती. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं, की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू डेक्सामेथासोन या स्टिरॉइडनं सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. स्वस्त, जुनं औषध. अशा वेळी परिपत्रकं भराभर बदलतात आणि वॉर्डातला माणूस वैतागतो, "काल एक सांगता, आज दुसरंच!" त्याचा राग मला समजतो. माझं म्हणणं एवढंच, की सूचना बदलली तर ती का बदलली हेही दोन ओळींत लिहा. कारण कळलं तर माणूस ती पाळतो. आणि भिंतीवरचा जुना कागद आधी काढा. दोन सूचना शेजारी-शेजारी चिकटवलेल्या असल्या, की दमलेला माणूस सोपी असेल ती उचलतो.

श्रोतेहो, तुम्ही कधी रुग्ण म्हणून, कधी रुग्णासोबत रुग्णालयात जाल. तोच प्रश्न तुम्हाला तिसऱ्यांदा विचारला तर चिडू नका, खरं ते सांगा. आणि तपासायला आलेल्यांनी हात धुतले नसतील तर "हात धुता का आधी?" असं जरूर विचारा. संकोच करू नका. मी स्वतः विचारते.

शेवटी एक प्रसंग सांगते. अशाच एका वर्गात डॉक्टर होते, सिस्टर होत्या, आणि माझ्या आग्रहावरून सफाई कर्मचारीही होते. एरवी त्यांना कुणी बोलावत नाही, आणि वॉर्डातला सगळा संसर्गजन्य कचरा तर तेच उचलतात. तासभर कुणी काही विचारलं नाही. मग मागच्या रांगेतल्या मावशी उठल्या. म्हणाल्या, "कचऱ्याची पिशवी गच्च भरलेली असते. तोंड बांधायला दाबली, की आतली हवा थेट तोंडावर येते. मग पिशवी किती भरायची?"

वर्गात कुणी बोललं नाही. पिशवी पाऊण भरली की बांधायची, असा नियम आहे. तो तिथल्या बहुतेकांनी वाचलेला होता. पिशवी बांधणाऱ्या मावशींना मात्र तो आजवर कुणी सांगितला नव्हता, आणि ती गच्च भरणारे आम्हीच होतो.

त्याच संध्याकाळी प्रत्येक डब्यावर पाऊण उंचीला एक लाल पट्टी चिकटवली गेली. कुठं चिकटवायची ते मावशींनीच बोटानं दाखवलं.

नमस्कार.