चौकटी उलटल्या की पडदा काय सांगतो

मंडळी, इथे घाटावर बसल्या बसल्या पाण्यातले दिवे हलताना तुम्हाला दिसताहेत. त्या प्रत्येक हालचालीबरोबर तुमच्या डोळ्याच्या पडद्यात वीज खालीवर होते आहे. स्वीडनच्या होल्मग्रेन यांनी १८६५ मध्ये ती पहिल्यांदा नोंदली.

डोळ्यावर एकदम झगझगीत उजेड टाकला की पडदा जोरात उत्तर देतो. पण ते उत्तर मुख्यतः उजेड टिपणाऱ्या पेशींचं आणि त्यांच्या लगतच्या थराचं असतं. मेंदूकडे निरोप नेणाऱ्या गँग्लियन पेशी, ज्या काचबिंदूत मरतात, त्यांचा आवाज त्यात जवळजवळ ऐकूच येत नाही. मग त्यांना बोलतं कसं करायचं?

डोळ्यांसमोरच्या स्क्रीनवर बुद्धिबळाच्या पटासारखा पट दाखवायचा. काळ्या चौकटी पांढऱ्या, पांढऱ्या काळ्या, सेकंदाला साधारण चार वेळा. एकूण उजेड तेवढाच राहतो, बदलते ती फक्त नक्षी. उजेडाच्या कमी-जास्त होण्याला दिलेली उत्तरं एकमेकांना खोडून काढतात, आणि उरतं ते बहुतांशी गँग्लियन पेशींचं. १९८१ मध्ये माफेई आणि फिओरेन्तिनी या इटालियन संशोधकांनी मांजरांची डोळ्याची नस कापून हे तपासलं. पुढच्या काही महिन्यांत या पेशी मरत गेल्या तसं नक्षीचं उत्तर नाहीसं झालं. उजेडाचं मात्र टिकलं. मला आजही हा प्रयोग या विषयातला सगळ्यात स्वच्छ पुरावा वाटतो.

हे उत्तर असतं जेमतेम काही मायक्रोव्होल्टचं. पर्वणीच्या गर्दीत रामकुंडाच्या पलीकडून कुणी हळू हाक मारावी, तसं. एकदा मारली तर कळणार नाही. पण तीच हाक ठरल्या क्षणी शंभर वेळा आली आणि आपण सगळ्या नोंदी एकावर एक ठेवून सरासरी काढली, तर गलबला दहापट खाली बसतो आणि हाक वर येते. आम्ही हेच करतो. ही वीज टिपायला खालच्या पापणीत चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा बारीक धागा ठेवतो. सरासरीतून उरलेल्या लाटेत, चौकटी उलटल्यावर पन्नास मिलिसेकंदांच्या आसपास एक उंचवटा येतो, पंचाण्णवच्या आसपास एक खळगा. उंचवटा खचला तर आधी पडद्याच्या मध्यभागाकडे, मॅक्युलाकडे पाहायचं. उंचवटा जागेवर असून खळगाच उथळ झाला, तर गँग्लियन पेशींकडे.

या चाचणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालत नाहीत, कारण चौकटी सुस्पष्ट दिसायलाच हव्यात. सुरुवातीच्या काळात निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदारांची लाट निम्मीच आली होती. काचबिंदूची शंका लिहून मी अहवाल पुरा करत आणला होता. इतक्यात त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "मामांचा वाचायचा चष्मा माझ्या पिशवीतच राहिला."

चष्मा लावून चाचणी पुन्हा घेतली. लाट पूर्ण उंचीची आली. मी तो अहवाल फाडला आणि नवा लिहिला.