त्रिरश्मीवरचा मुखाहार

ही कोठडी पाहा. आत निजायला दगडी ओटा आहे. दुसरे काहीही नाही. नाशिककर ज्यांना पांडवलेणी म्हणतात, ती या त्रिरश्मी डोंगरातली लेणी मुळात बौद्ध भिक्खूंच्या निवासासाठी कोरलेली आहेत, आणि ती ओळख आपण विसरता कामा नये. तीन चीवरे (भिक्खूंची वस्त्रे), एक भिक्षापात्र आणि मध्यान्हाच्या आत घ्यायचे अन्न, एवढ्यावर त्यांचा दिवस चाले.

आता त्याच कोठडीबाहेरचा, दहाव्या लेण्याचा हा व्हरांडा पाहा. उपड्या घंटेसारखी स्तंभशीर्षे, त्यांवर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी आणि मागच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांच्या लांबलचक ओळी! सुमारे १९०० वर्षांपूर्वी हे लेणे देणाऱ्या उषवदाताने, म्हणजे शक राजा क्षत्रप नहपानाच्या जावयाने, या ओळींत संघाच्या अन्नवस्त्राची तजवीज नोंदवून ठेवली आहे.

त्याने ३००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, जवळच्या गोवर्धन गावातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे ठेवली: एकीकडे २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीही परत मागायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट लेखातच आहे. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज होते २४० कार्षापण, आणि येथे वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यायचे, तेही नेमके २४०च होतात. हा हिशेब इतक्या ममतेने जुळवलेला आहे, की आम्ही तो भिंतीपाशी उभे राहून पुन्हा पुन्हा करून पाहिला.

अन्नासाठी त्याने एका ब्राह्मणाकडून नगराच्या वायव्य सीमेवरचे वडिलोपार्जित शेत ४००० कार्षापणांना विकत घेतले. या लेण्यात राहणाऱ्या, चारी दिशांहून आलेल्या भिक्खुसंघाला त्यातून 'मुखाहार' मिळावा, असे लेख सांगतो. तोंडी पडणाऱ्या घासासाठी हा शब्द शिलेवर कोरला गेला आहे.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला, आणि कालांतराने संघही येथून गेला.

हे अठराव्या लेण्याचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह. दारावरच्या कमानीत जाळीदार वेदिका (कठडा) आणि बारीक नक्षी आहे, आणि तिच्याखाली कोण्या राजाचे नाव नाही. तेथे लिहिले आहे, की हे नाशिककरांच्या धंभिक गावाचे दान आहे.